क्लम, अशक्तपणा आणि पथ्य : थकव्याच्या आहारोपचाराच्या इतिहासातील काही प्रकरणे

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘क्लम’ ह्या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. आयासावाचून शरीरात श्रम वाढतो, त्यात धाप लागत नाही, पण इंद्रियांस आपापले विषय नीट ग्रहण करता येत नाहीत. अशा अवस्थेला क्लम म्हणावे, असा तिचा आशय आहे. व्याख्या लहान असली तरी तिच्यातील दोन अटी लक्षात घेण्याजोग्या आहेत. श्रम केल्यावर माणूस थकतो हे सांगण्यासाठी शास्त्राची गरज नाही. श्रम न करता येणारा थकवा हा निराळा आहे, तो धापेच्या रोगाहूनही निराळा आहे, आणि म्हणून त्याला निराळे नाव हवे, हे मात्र शास्त्रकाराला सुचावे लागते. मराठीने ‘श्रम’ ठेवला आणि ‘क्लम’ टाकून दिला. ‘क्लांत’ हे विशेषण कवितेपुरते उरले. बोलीत आपण ‘थकवा’, ‘शीण’, ‘अशक्तपणा’ असे शब्द वापरतो. पैकी ‘थकणे’ हे प्राकृतातील ‘थक्क’ म्हणजे थांबणे ह्या धातूशी संबद्ध आहे. ‘थक्क होणे’ हा प्रयोगही तेथूनच आला. थांबण्यापूर्वी चालणे गृहीत असते, म्हणून ‘थकलो’ म्हणणाऱ्याला ऐकणारा सहजच ‘कशाने?’ असे विचारतो. ‘कशानेही नाही’ हे उत्तर मराठीत विचित्र वाटते, आणि पुष्कळदा खोटेही वाटते.

प्रस्तुत लेखक भाषेचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. तेव्हा कोणते पथ्य गुणकारी हे सांगण्याचा येथे उद्देश नाही. दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्यावर अन्न वर्ज्य करून किंवा अन्नाला पूरक द्रव्ये जोडून उपाय करण्याची जी परंपरा गेल्या दोन-अडीचशे वर्षांत वाढली, तिच्यात रोगाच्या नावाने पथ्याची दिशा कशी ठरविली, एवढाच प्रश्न आहे. नाव अभावाचे असले की रोग्याला भरविले जाते, आणि नाव संचयाचे किंवा विषाचे असले की त्याच्या ताटातील पदार्थ काढून घेतले जातात, असे पुढील प्रकरणांवरून दिसून येईल.

प्रथम जुन्या ग्रंथांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘पथ्य’ म्हटले की आपल्याला तेल, तिखट, आंबट बंद असे ऐकू येते. चरकाने मात्र ‘पथ्य’ हा शब्द ‘पथ’पासूनच उलगडला आहे : शरीराच्या मार्गांपासून जे ढळत नाही आणि मनालाही जे प्रिय असते ते पथ्य. दुसरी अट आजच्या पथ्यकारांच्या विस्मरणात गेली आहे. त्याच चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात श्रमहर द्रव्यांचे एक दशक येते : द्राक्षे, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, फल्गू म्हणजे अंजिराच्या जातीचे फळ, फालसा, ऊस, जव आणि साठीचा तांदूळ. औषधांच्या यादीपेक्षा ही एखाद्या बऱ्या घरच्या कोठारासारखी वाटते. तीत वर्ज्य काहीच नाही. शेवटच्या नावाविषयी व्याकरणाच्या विद्यार्थ्यांस आठवण करून द्यावीशी वाटते, की ‘षष्टिक’ हा शब्द सिद्ध करण्यासाठी पाणिनीने पाचव्या अध्यायात स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. साठ रात्रींत पिकतो तो षष्टिक. थकलेल्या माणसाला लवकर पिकणारे आणि लवकर पचणारे धान्य द्यावे, एवढी साधी दृष्टी त्यामागे असावी.

युरोपात ह्या विषयाला आधुनिक वळण मिळाले ते एडिंबरोच्या जॉन ब्राउनमुळे. १७८० साली प्रसिद्ध झालेल्या लॅटिन ग्रंथात त्याने सर्व रोगांचे दोनच वर्ग केले : ज्यांत उत्तेजना अधिक ते ‘स्थेनिक’ आणि ज्यांत ती उणी ते ‘अस्थेनिक’. ग्रीक ‘स्थेनॉस’ म्हणजे बळ. त्याला अभावदर्शक ‘अ’ लावून ‘अस्थेनिया’. आपला ‘अशक्तपणा’ बरोबर ह्याच घडणीचा आहे. ब्राउनच्या सिद्धान्ताचे मूळ त्याच्या स्वतःच्या ताटात होते. संधिवाताच्या एका प्रकारावर त्याला वैद्यांनी हलका शाकाहार सांगितला. वर्षभर तो पाळूनही झटके येतच राहिले. मग त्याने पौष्टिक व उत्तेजक आहार घेतला आणि बरे वाटल्यावर त्यावरून सबंध वैद्यक रचले. एका रोग्याच्या अनुभवावरून सर्वांसाठी आहार ठरविण्याची ही पद्धत पुढे अनेकदा दिसते. बहुतेक पथ्यप्रवर्तक हे स्वतःच बरे झालेले रोगी असतात.

ब्राउनची परिभाषा मागे पडली, पण ‘अस्थेनिया’ उरला. १८६९ साली न्यूयॉर्कच्या जॉर्ज मिलर बिअर्डने त्याला ‘न्यूरॉन’ जोडून ‘न्यूरास्थेनिया’ ह्या नावाने एक नवी व्याधी मांडली; त्याच वर्षी मिशिगनच्या एका वेड्यांच्या इस्पितळातील व्हॅन ड्यूसेननेही स्वतंत्रपणे तोच शब्द वापरला. आगगाडी, तारायंत्र, वर्तमानपत्रे आणि शहरी धावपळ यांनी मज्जातंतूंतील शक्तीचा साठा संपतो, अशी बिअर्डची उपपत्ती होती. १८८१ साली आलेल्या ‘अमेरिकन नर्व्हसनेस’ ह्या ग्रंथात हा रोग त्याने जणू राष्ट्रीय भूषण म्हणूनच वर्णिला आहे. रानटी लोकांस तो होत नाही, सुधारलेल्यांस होतो.

बिअर्डचे आहारविषयक विचार त्याच्या मृत्यूनंतर १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात आहेत आणि ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. मनुष्याने उत्क्रांतीच्या शिडीवर आपल्या निकटचे, म्हणजे प्राणिज अन्न खावे. धान्ये व फळे ही फार खालच्या पायरीवरची असल्यामुळे नाजूक मज्जेच्या माणसाला पचवणे जड जाते, असे तो म्हणतो. ह्याला पुरावा म्हणून तो भातखाऊ हिंदू, चिनी आणि बटाटे खाणारा आयरिश शेतकरी यांस पुढे करतो. मांसाहारी इंग्रजाने त्यांस अंकित ठेवले ते आहाराच्या जोरावर, असा त्याचा तर्क आहे. मज्जातंतूंच्या थकव्यावरील पथ्य सांगता सांगता गृहस्थ साम्राज्याचे समर्थन करून मोकळा झाला!

फिलाडेल्फियाच्या सायलस वेअर मिचेलने तर आपल्या १८७७ च्या पुस्तकाला ‘चरबी आणि रक्त’ असेच नाव दिले आणि ती दोन्ही कशी वाढवावीत हे उपशीर्षकात जोडले. रोगी, बहुधा स्त्री, सहा ते आठ आठवडे अंथरुणावर; आप्तेष्टांची भेट नाही, वाचन-लेखन नाही; मर्दन आणि विजेचे उपचार; आणि दर दोन तासांनी दूध. प्रथम साय काढलेले दूध चार-चार औंस, मग वाढवत वाढवत मांस, लोणी, माल्टचा अर्क, कॉडलिव्हर तेल आणि लोह. १८८७ साली शार्लट पर्किन्स गिलमन ह्या लेखिकेवर हा उपचार झाला. त्याने ती बरी होण्याऐवजी वेडाच्या काठाशी पोचली, आणि १८९२ साली प्रसिद्ध झालेली तिची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा त्यातून निघाली. तिची तक्रार अन्नाविषयी नसून सक्तीच्या निष्क्रियतेविषयी होती. पण दोन्हींमागे एकच रूपक आहे : रोगी म्हणजे रिकामे भांडे.

ह्याच सुमारास उलट्या दिशेचे पथ्यही बळावत होते. लंडनचा अलेक्झांडर हेग हा अर्धशिशीने त्रासलेला डॉक्टर. त्याने १८८२ साली मांस सोडले, त्याला आराम पडला, आणि १८९२ साली त्याने युरिक आम्लाला अनेक रोगांचे मूळ ठरविणारा ग्रंथ लिहिला. उदासी आणि शक्तिहीनता हीही त्याच्या मते रक्तातील ह्या आम्लाचीच फळे. त्याने मांसाबरोबर चहा, कॉफी आणि कडधान्ये वर्ज्य केली. वरणावाचून शाकाहार म्हणजे काय हे आपल्याकडील गृहिणीने त्याला विचारले असते! फ्रान्समध्ये बूशार याने ह्याच काळात आतड्यांतील विषांनी शरीर स्वतःलाच विषारी करते अशी उपपत्ती मांडली होती. आयुर्वेदातील ‘आमा’शी तिचे साम्य दिसते, परंतु दोन्ही एकच मानण्याची घाई करू नये, ‘आम’ हे अपक्वतेचे नाव आहे, विषाचे त्यानंतर.

ह्या वादात प्रयोगशाळेने प्रवेश केला तो येल विद्यापीठात. त्या वेळी कष्टकऱ्याला दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिने हवीत असे जर्मन शास्त्रज्ञ फॉइट याचे प्रमाण मान्य होते. रसेल चिटेंडन याने स्वतःवर, सहकाऱ्यांवर, खेळाडूंवर आणि अमेरिकन लष्कराच्या शुश्रूषापथकातील तेरा सैनिकांवर सुमारे सहा महिने प्रयोग करून १९०४ साली दाखविले की त्याच्या निम्म्याहूनही कमी प्रथिनांवर माणूस धडधाकट राहतो, एवढेच नव्हे तर त्याचे बळ वाढते. इकडे कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात डेव्हिड मॅके याने बंगाल्यांच्या आहाराची मोजणी करून १९१२ च्या आपल्या ग्रंथात नेमका उलटा निष्कर्ष काढला : बंगाली माणूस प्रथिने कमी खातो, म्हणूनच तो दुबळा आणि निरुत्साही. चिटेंडनचे सैनिक चांगले पोसलेले होते, त्यांस व्यायाम होता, आणि ते प्रयोगाचे मानकरी होते. मॅकेच्या लोकांच्या रक्तात हिवताप, आतड्यांत जंत आणि घरात दारिद्र्य होते. दोघांनीही मोजली ती प्रथिने. बिअर्डने जे रूपकाने म्हटले तेच मॅकेने नत्राच्या आकड्यांनी म्हटले, आणि आकड्यांमुळे ते अधिक काळ टिकले.

महाराष्ट्राच्या भूमीवर ह्या इतिहासातील एक प्रसंग घडला तो सर्वश्रुत आहे, पण त्याकडे भाषेच्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या दगदगीत गांधीजींस आमांशाने गाठले. रोग हटला तरी शक्ती येईना. हवापालटासाठी माथेरानला नेले तर तेथील जड पाणी मानवले नाही. मुंबईस डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितले की दुधावाचून शरीर पुन्हा उभे राहणार नाही. शिवाय लोह आणि सोमल यांची टोचणी घेतल्यास प्रकृतीची हमी देतो. टोचणीला गांधीजींची हरकत नव्हती. दुधाला होती, कारण १९१२ पासून दूध न घेण्याचे त्यांचे व्रत होते. आजच्या भाषेत बोलायचे तर पूरक द्रव्ये चालतील, पण वर्ज्य अन्न चालणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी सुचविले की शेळीच्या दुधाला तरी हरकत नसावी. गांधीजींनी ते मान्य केले.

‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनी ह्या प्रसंगाची जी मीमांसा केली आहे ती अर्थविचाराच्या वर्गात शिकवावी अशी आहे. व्रत घेताना ‘दूध’ ह्या शब्दाने त्यांच्या मनात गाय आणि म्हैस ह्यांचेच दूध होते. म्हणजे अभिप्रेत अर्थ संकुचित होता आणि शेळी त्यातून सुटत होती. परंतु दूध हे मनुष्याचे स्वाभाविक अन्नच नव्हे, हा जो व्रताचा हेतू, तो सर्व प्राण्यांच्या दुधाला लागू होता. आपण अक्षर पाळले आणि आत्मा गमावला, असा निवाडा त्यांनी स्वतःवर दिला. जगण्याची इच्छा, आणि ती सत्याग्रहासाठी होती, हे कारणही लपविले नाही. प्रस्तुत लेखकाला कस्तुरबांचे अर्थनिर्णयन अधिक पटते. शब्दाचा अर्थ वक्त्याच्या मनातील संदर्भाने ठरतो, आणि व्रताचा अर्थ तर विशेषच. शिवाय समोर माणूस खंगत होता.

ह्यानंतर दहाच वर्षांनी त्याच मुंबईत अभावाच्या सिद्धान्ताला त्याचे एक शुद्ध यश मिळाले. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गर्भवती स्त्रियांच्या पांडुरोगाचा शोध घेण्यासाठी मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेच्या आश्रयाने काम करू लागली. तिला असे आढळले की ज्या गरीब मुस्लिम स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांच्यात हा पांडुरोग सर्वांत अधिक. उंदरांना तसाच आहार देऊन पाहता त्यांसही पांडुरोग झाला आणि यीस्टने तो टळला; पुढे कळले की त्या उंदरांवर उवा होत्या आणि त्यामुळे प्रयोग डागाळला होता. मग माकडांवर प्रयोग झाले. अखेर तिने मार्माइट नावाचा, दारूभट्टीतील उरलेल्या यीस्टपासून केलेला, इंग्रजांच्या न्याहारीतला काळा लेप रोगिणींस दिला आणि त्या सुधारू लागल्या. हे काम १९३१ साली प्रसिद्ध झाले. मिनॉट व मर्फी यांनी १९२६ साली कच्च्या यकृताने घातक पांडुरोग आवरला होता. पण शुद्ध केलेला यकृताचा अर्क मुंबईच्या ह्या रोगिणींवर चालेना, म्हणजे उणीव दुसऱ्याच द्रव्याची होती. त्याला काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे काढण्यात आले आणि ‘फोलियम’ म्हणजे पान ह्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फोलिक’ नाव मिळाले. विल्सचा घटक तो हाच.

येथे मराठी परिभाषेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कासिमिर फुंक याने १९१२ साली ‘व्हिटा’ आणि ‘अमाइन’ जोडून ‘व्हिटामाइन’ शब्द बनविला. सर्वच द्रव्ये अमाइन नाहीत असे दिसल्यावर १९२० साली ड्रमंडने शेवटचे अक्षर गाळून रसायनशास्त्राशी त्याचे नाते तोडले. मराठीने ‘जीवनसत्त्व’ असा शब्द केला. त्यातील ‘जीवन’ हे ‘व्हिटा’चे भाषांतर, ‘सत्त्व’ मात्र आपले. गुळवेलीचे सत्त्व, नाचणीचे सत्त्व असे म्हणणाऱ्या समाजाला पदार्थ कुटून, भिजवून, गाळून खाली बसलेला सार ही कल्पना नवी नव्हती. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला तेच देत. म्हणून जीवनसत्त्वाची गोळी मराठी घरात परकी ठरली नाही. मात्र त्याचबरोबर अशीही समजूत रुजली की सत्त्व हे कोणालाही, कितीही, केव्हाही बाधत नाही, आणि अशक्तपणा म्हणजे सत्त्वाचीच उणीव. विल्सच्या रोगिणींच्या बाबतीत ते खरे होते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षांच्या सुमारे ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांच्यापैकी अनेकींच्या तोंडी ‘अशक्तपणा’ ह्या शब्दाचा अर्थ अक्षरशः लोहाचा अभाव असा असतो. अशा स्त्रीला पथ्याच्या नावाखाली आणखी काही सोडावयास लावणे हा अन्याय होय.

परंतु ज्याच्या रक्तात काहीच उणे सापडत नाही आणि तरीही ज्याला उठवत नाही, त्याचे काय? १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात एक साथ उद्भवली आणि तेथील शेकडो कर्मचारी आजारी पडले. पुढील वर्षी ‘लॅन्सेट’च्या संपादकीयात तिला ‘सौम्य मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस’, म्हणजे स्नायुवेदनेसह मेंदू-मज्जारज्जूचा दाह, असे नाव सुचविले गेले. १९८८ साली अमेरिकेत ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव आले. पहिल्यात सिद्ध न झालेला दाह आहे, दुसऱ्यात केवळ रोज्याची थकल्याची तक्रार. दुसऱ्या नावाने रोग्यांचा किती उपहास झाला हे त्यांच्याच लेखनातून कळते. थकत कोण नाही?

कारण नसलेल्या ह्या नावात पथ्यकारांनी दोन्ही दिशांनी कारणे भरली. १९८३ साली विल्यम क्रुक ह्या अमेरिकन डॉक्टरने शरीरातील कँडिडा ह्या यीस्टला दीर्घ थकव्याचे मूळ ठरविले आणि साखर, पाव, आंबविलेले सर्व पदार्थ वर्ज्य केले. ज्या यीस्टने अर्धशतकापूर्वी मुंबईच्या स्त्रियांस उठविले तेच आता आरोपी झाले. १९९० साली झालेल्या नियंत्रित चाचणीत यीस्टनाशक औषधाने ह्या सर्वांगीण लक्षणांवर खोट्या गोळीपेक्षा अधिक गुण दिला नाही. २००८ साली लंडनमध्ये ५२ रोग्यांवर २४ आठवडे झालेल्या तुलनेत साखर-यीस्ट टाळणारा आहार आणि साधा सकस आहार यांत थकव्याच्या दृष्टीने फरक दिसला नाही. उलट पहिला पाळणेच पुष्कळांस जमले नाही. थकलेल्या माणसाने स्वतंत्र स्वयंपाक रांधावा ही अपेक्षाच मुळात विपरीत आहे.

पूरक द्रव्यांचाही अनुभव फारसा वेगळा नाही. १९९० साली इव्हनिंग प्रिमरोझ व माशाच्या तेलांच्या मिश्रणाने ६३ रोग्यांच्या चाचणीत मोठा गुण दाखविला. १९९९ साली दुसऱ्यांनी तीच चाचणी पुन्हा केली तेव्हा तो दिसेना. १९९१ साली मॅग्नेशियमच्या टोचणीने १५ पैकी १२ जणांस बरे वाटले आणि खोट्या टोचणीने १७ पैकी तिघांस. पण तांबड्या पेशींतील मॅग्नेशियमची जी उणीव त्यामागे गृहीत धरली होती ती पुढील अभ्यासांत आढळली नाही. इंग्लंडच्या ‘नाइस’ ह्या संस्थेने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शनात पूरक द्रव्ये ह्या रोगावर उपाय म्हणून नित्य घेण्यास पुरेसा पुरावा नाही असे म्हटले आहे. मात्र घराबाहेर पडू न शकणाऱ्यांच्या ‘ड’ जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावे, आणि पथ्यामुळे ज्यांचा आहार फार आखडला आहे त्यांस आहारतज्ज्ञाकडे पाठवावे, असेही सांगितले आहे. पथ्य हाच चिकित्सेचा विषय होऊन बसल्याची ही नोंद आहे. त्याच मार्गदर्शनात हळूहळू व्यायाम वाढविण्याचा पूर्वीचा उपचार मागे घेण्यात आला, कारण ह्या रोग्यांची अवस्था परिश्रमानंतर, कित्येकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, अधिक ढासळते.

ह्या शेवटच्या लक्षणामुळे मराठी परिभाषाकारापुढे एक अडचण उभी राहते. ‘दीर्घकालीन थकवा’ हा प्रचलित अनुवाद ‘फटीग’इतकाच अपुरा आहे. ‘क्लम’ पुन्हा रुजवावा असा मोह होतो. आयासावाचून येणारा, इंद्रियांस मंदावणारा, हे वर्णन आजच्या रोग्यांच्या बुद्धिमांद्याच्या तक्रारीशी चांगले जुळते. पण सुश्रुताच्या क्लमाला आयास लागत नाही, आणि ह्या व्याधीत अल्प आयासही उशिरा आणि जबर किंमत घेतो. २०१५ साली अमेरिकेतील एका तज्ज्ञसमितीने ‘आयास सहन न होणे’ हेच नावात घालण्याचे सुचविले; ते रूढ झाले नाही. मराठीत तूर्त ‘आयासासह’ असा शब्द करता येईल, पण त्यातील ‘असह’ हा ‘सह’ असा ऐकू येऊन अर्थ उलटण्याचा धोका आहे. ‘आयास-असहत्व’ असे संधी न करता लिहिणे त्यातल्या त्यात बरे.